राखण

‘लिंक नाही जी, दुपारून या.’

धानकापणीच्या दिवसांत गोंडपिपरीच्या एका सेवा केंद्रात बसलो होतो, तेव्हा हे वाक्य एकाच सकाळी चार वेळा कानावर आलं. चौथ्यांदा ते ज्या बाईंना ऐकावं लागलं, त्या वैनगंगेकाठच्या गावातून पहिल्या गाडीने आल्या होत्या. त्या दिवसाची कापणीची मजुरी त्यांनी सोडली होती. त्या काही बोलल्या नाहीत. कागदांची प्लास्टिकची पिशवी दुमडून कुशीत धरली आणि बाकावर जाऊन बसल्या.

माझ्या मोबाइलवर तर नेट व्यवस्थित चालू होतं. केंद्र चालवणारा मुलगा मेहनती, बोलायला गोड. त्याला विचारून मी त्याच्या संगणकासमोर बसलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि संगणक आत कशात गुंतला आहे ते दाखवतो. डिस्क शंभर टक्के व्यग्र होती. सी ड्राइव्हवर जेमतेम दोन जीबी जागा उरली होती. संगणक चालू होतानाच सतरा प्रोग्रॅम आपणहून उठत होते, त्यातल्या चौदांचं काम त्या मुलाला माहीतही नव्हतं. पाऊण तास आम्ही दोघांनी साफसफाई केली. बारा वाजायच्या आत बाईंचा अर्ज भरून झाला, पावती हातात पडली.

लिंक सकाळपासून होती. संगणकाला श्वास घ्यायला जागा नव्हती.

हा लेख त्या पाऊण तासाबद्दल आहे. संगणक कसा चालवायचा हे शिकवणारे वर्ग आपल्याकडे गावोगावी झाले. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएससीआयटी अभ्यासक्रमाने तर महाराष्ट्राची एक अख्खी पिढी माउस धरायला शिकली. पण चालवणं वेगळं आणि राखणं वेगळं. शेत पेरता येणाऱ्याला शेत राखताही यावं लागतं. आमच्या भागात पीक उभं राहिलं की रानडुकरांसाठी रात्रीची जागल करावी लागते. संगणक आणि मोबाइल यांचीही अशीच जागल असते. ती कोणी शिकवली नाही, म्हणून मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘लिंक नाही’ ऐकावं लागतं.

तालुका आणि त्याचा पडदा

गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाचा तालुका. पूर्वेला वैनगंगा, पलीकडे गडचिरोली. दक्षिणेला वर्धा, पलीकडे तेलंगणा. पुढे या दोन नद्या मिळतात आणि प्राणहिता होऊन वाहतात. मध्ये धानाच्या बांध्या, कापूस, मिरची, सागवान आणि बांबूचं रान.

या मुलखात आता संगणकाशिवाय कोणताच कागद हलत नाही. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन. पिकाची नोंद ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणीच्या अॅपवर. आधारभूत केंद्रावर धान विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी, मग चुकारा खात्यात. पीएम किसानचा हप्ता, २०२४ साली आलेली लाडकी बहीण, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, रोजगार हमीवरची हजेरी, अंगणवाडीतल्या बाळाचं वजन, सगळं पडद्यावर. शहरात एक संगणक बिघडला तर शेजारी दुसरा असतो. इथे एक सेवा केंद्र बंद पडलं तर दहा-बारा गावांचं काम थांबतं. म्हणून इथल्या यंत्राची निगा ही एका दुकानदाराची खासगी बाब राहत नाही.

वीज, ऊन आणि धूळ

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि कोणत्या दाबाने परत येईल हे सांगता येत नाही. म्हणून राखणीचा पहिला धडा विजेचा.

संगणक अचानक बंद पडला की त्या क्षणी डिस्कवर जे लिहिलं जात होतं ते अर्धवट राहतं. एकदा राहिलं तर पुढच्या वेळी ‘दुरुस्ती चालू आहे’ असा पडदा दिसतो. वारंवार राहिलं तर एक दिवस विंडोज उठतच नाही आणि मग ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं सांगितलं जातं. यूपीएस घेतलेला असतो, पण त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते हे लक्षात राहत नाही. महिन्यातून एकदा, काम जतन करून, भिंतीवरचं बटण बंद करून पाहावं. यूपीएस पाच मिनिटंही टिकत नसेल तर तो आता निव्वळ शोभेचा डबा आहे, बॅटरी बदलावी. प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नये. लेझर प्रिंटर गरम होताना एकदम इतकी वीज ओढतो की लहान यूपीएस कोलमडतो.

विजा कडाडू लागल्या की बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, आणि राउटरला येणारी नेटची तारही काढावी. बरेच मदरबोर्ड या तारेतून आलेल्या झटक्याने जळतात.

मग ऊन. मे महिन्यात इथे पारा ४६-४७ अंशांवर जातो. संगणकाचा प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालतो. त्यावर पंखा असतो, पंख्यावर धूळ आणि कापसाचे तंतू बसतात, हवा अडते. उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीच्या सफाईत, असं वर्षातून दोनदा, प्लग काढून, डब्याचं झाकण उघडून, मऊ ब्रशने पंखा साफ करावा. संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नये, वीतभर जागा सोडावी. या कामाला पैसा लागत नाही. तरी यामुळे ‘जुना झाला, बदला’ म्हणून काढलेले कितीतरी संगणक पुन्हा कामाला लागतील.

भरलेलं घर

आता त्या सकाळच्या साफसफाईकडे येतो. आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण ते कुणालाही करता येईल.

आधी टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’ या भागात गेलो. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची ती यादी असते. अँटिव्हायरस, मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम आणि अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर एवढं ठेवलं, बाकीच्यांवर उजवी टिचकी देऊन ‘डिसेबल’ केलं. यात काही पुसलं जात नाही. लागेल तेव्हा तो प्रोग्रॅम हाताने उघडता येतो.

दुसरं, जागा. सी ड्राइव्हवर साधारण पाचवा हिस्सा तरी मोकळा असावा. विंडोजला स्वतःची तात्पुरती कामं करायला ती जागा लागते. सेटिंगमधल्या ‘स्टोरेज’मध्ये गेलो की कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. तिथे तात्पुरत्या फायली काढून टाकल्या आणि ‘स्टोरेज सेन्स’ चालू केलं, म्हणजे पुढची सफाई आपोआप होत राहील. सर्वांत मोठा ढीग ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये होता. त्या ढिगाबद्दल पुढे वेगळं सांगायचं आहे.

तिसरं, न लागणारं सॉफ्टवेअर. एका कामासाठी घेतलेले चार पीडीएफचे प्रोग्रॅम होते, तीन ब्राउझर होते आणि कोणा दुरुस्तीवाल्याने टाकून ठेवलेला, दूरवरून संगणक हाताळू देणारा एक प्रोग्रॅम होता. हा शेवटचा तर दुसऱ्याच्या हाती राहिलेली घराची किल्ली. दुरुस्ती झाली की तो त्याच दिवशी काढायचा.

एवढं करूनही संगणक मंदच राहिला तर एकच खर्च सुचवीन. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. नव्या संगणकाच्या किमतीच्या छोट्या हिश्शात जुना संगणक पुन्हा धावू लागतो.

पेनड्राइव्हवरून आलेलं

आमच्याकडे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून येतं. या दुकानातून त्या दुकानात, ‘क्रॅक’सकट. फुकट मिळतं म्हणून कोणी विचारत नाही की ते कोणी फोडलं आणि आत काय ठेवलं. जो माणूस कुलूप फोडून तुम्हाला घर देतो, तो आपल्यासाठी खिडकी उघडी ठेवून जाऊ शकतो. शिवाय पकडलं जाईल या भीतीने अशा संगणकाचं अपडेटही बंद करून ठेवलेलं असतं. इथे खरा धोका सुरू होतो.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेहून अधिक देशांत दोन लाखांवर संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिलेलं होतं. ज्यांनी ते लावलं होतं त्यांच्या यंत्रांची ती फट बंद होती. अपडेट म्हणजे पावसाआधी छप्पर शाकारणं. पाऊस लागल्यावर ते करता येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५पासून विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला आहे. घरगुती वापरासाठी नोंदणी करून मिळणारी जादा सुरक्षा ऑक्टोबर २०२६पर्यंतची. विंडोज ११ चालायला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते, जुन्या अनेक संगणकांत ती नाही. असा संगणक भंगारात द्यायची गरज नाही. टंकलेखन, हिशेब आणि ब्राउझर एवढंच काम असेल तर लिनक्स मिंटसारखी मुक्त प्रणाली त्यावर चांगली चालते. मात्र अंगठ्याचं यंत्र आणि प्रिंटर तिच्यावर चालतात का, हे आधी तपासून घ्यावं. कार्यालयीन कामाला लिब्रे ऑफिस आहे, व्हिडिओला व्हीएलसी आहे. दोन्ही कायदेशीर, फुकट आणि मराठी लिहू-दाखवू शकणारे. पैसे नाहीत म्हणून चोरीचं वापरावं लागतं, ही सबब आता उरलेली नाही.

मोबाइललाही हाच नियम. ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावांच्या एपीके फायली व्हॉट्सअॅपवर येतात. ती फाइल म्हणजे एक प्रोग्रॅम असतो. बसवला की तो एसएमएस वाचतो, ओटीपी पळवतो. लग्नाचं निमंत्रण कधी एपीकेमध्ये येत नाही. अॅप घ्यायचं ते प्ले स्टोअरमधूनच. आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. १९३० हा राष्ट्रीय सायबर मदतीचा क्रमांक ताबडतोब फिरवावा. गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, जितक्या लवकर तक्रार तितकी तो वाटेत अडवला जाण्याची शक्यता अधिक.

एक प्रत म्हणजे एकही नाही

काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपची डिस्क गेली. सहा वर्षांची टिपणं, गावोगावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या हकिकतींची ध्वनिमुद्रणं, सगळं. त्यातले काही सांगणारे आता राहिले नाहीत. ते पुन्हा मिळवता येणार नाही. दोष कोणाचाच नव्हता, माझ्याजवळ दुसरी प्रत नव्हती एवढंच. तेव्हापासून मी तीन-दोन-एकचा नियम पाळतो. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक ऑनलाइन साठ्यात किंवा भावाच्या घरी. बाहेरची डिस्क सतत जोडून ठेवायची नाही. प्रत काढायची, तार सोडवायची, कपाटात ठेवायची.

जोडून का ठेवायची नाही, हे एका मोठ्या कंपनीला फार महाग किमतीत कळलं. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं काही तासांत पुसलं. आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात त्याच समूहाचं एक टर्मिनल होतं, तेही ठप्प झालं आणि कंटेनरचे ट्रक खोळंबले. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. ते एकमेकांची प्रत होते, पण सगळे एकमेकांना जोडलेलेही होते, म्हणून सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधला. कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यातून तुटलेला होता. त्या एका सर्व्हरवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

आम्ही ज्या वीज जाण्याला वैतागतो, त्यानेच तिथे एवढं मोठं जाळं वाचवलं. धडा साधा आहे. एक प्रत नेहमी तारेपासून सोडवलेली असावी.

प्रत काढली म्हणजे झालं असंही नाही. तीन महिन्यांतून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. बियाणं साठवलं तरी पेरणीआधी उगवण तपासतोच ना आपण? आणि फायलींना नावं अशी द्यावीत की वर्षाने सापडतील. ‘नवीन१’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ यांऐवजी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय. त्या क्रमाने फायली आपोआप तारीखवार लागतात.

अक्षरं दिसतात, पण वाचता येत नाहीत

तालुक्यातल्या एका संस्थेच्या कार्यालयात मला २००६ सालचे ठराव संगणकावर उघडून दाखवण्यात आले. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होता. फाइल शाबूत होती, फॉन्ट हरवला होता.

कृतिदेव, शिवाजी, सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये एक मोठी अडचण आहे. त्यात संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, त्यावर फक्त मराठी चित्र चढवलेलं असतं. फॉन्ट काढला की चित्र जातं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये असं नाही. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून तिथे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ हा गोंडपिपरीत, गडचिरोलीत आणि अमेरिकेतल्या मराठी घरातही ‘क’च राहतो. त्यात शोध घेता येतो, यादी अकारविल्हे लागते, मोबाइलवर तसंच दिसतं.

म्हणून दोन कामं करावीत. जुने ठराव, इतिवृत्तं, सभासदांच्या याद्या फॉन्ट-रूपांतराच्या साधनाने युनिकोडमध्ये आणाव्यात. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार चुकतात, तेव्हा मूळ कागदाशी पडताळावं. आणि नवं टंकलेखन इन्स्क्रिप्टने शिकावं. १९८०च्या दशकात भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेला हा कळफलक प्रत्येक विंडोजमध्ये असतो. भाषा जोडली की विंडोज कळ आणि स्पेसबार दाबून मराठी-इंग्रजी बदलता येतं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आमच्या सीमेवरच्या तालुक्याला त्याची आणखी एक सोय आहे. ज्या कळीवर मराठीचा ‘क’ त्याच कळीवर तेलुगूचाही ‘क’. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा लिहिता येतात.

दुसऱ्याचे कागद

त्या ‘डाउनलोड’ फोल्डरबद्दल आता सांगतो. त्यात सुमारे चार हजार फायली होत्या. आधार कार्डं, बँकेची पासबुकं, जमिनीचे उतारे, मुलींचे फोटो. दोन वर्षांत जे जे लोक आले त्यांचे कागद. मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. काम झाल्यावर पुसायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण तो संगणक चोरीला गेला असता, तर त्या चार हजार कागदांमधल्या माणसांची ओळख परक्याच्या हाती पडली असती.

केंद्र चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी डाउनलोड आणि स्कॅनचं फोल्डर रिकामं करा, मग रिसायकल बिनही रिकामी करा. लोकांचे पासवर्ड ब्राउझर जतन करू पाहतो, त्याला ‘नको’ म्हणा. त्यांचं खातं उघडायचं असेल तर खासगी खिडकीत उघडा, काम झालं की ती बंद करा.

आणि केंद्रात जाणाऱ्यांना सांगणं असं. आधारची सबंध प्रत जिथे लागत नाही तिथे शेवटचे चारच अंक दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्यावी, ती आधारच्या संकेतस्थळावरूनच मिळते. झेरॉक्सच्या दुकानात कागद काढायला व्हॉट्सअॅप वेब जोडलं असेल तर बाहेर पडण्याआधी मोबाइलमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून ते तोडावं. नाहीतर तुम्ही घरी जाता आणि तुमच्या घरातलं बोलणं त्या दुकानाच्या पडद्यावर येत राहतं. व्हॉट्सअॅपमध्येच सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी चालू करावी. एवढं केलं की नुसता ओटीपी हाती लागून कोणी खातं पळवू शकत नाही.

वाघाचा व्हिडिओ

यंत्राइतकीच त्यावर येणाऱ्या मजकुराचीही राखण लागते. नोव्हेंबर २०२५मध्ये एक व्हिडिओ आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरला. सीसीटीव्हीचं चित्रण वाटावं असा. ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो आणि त्याला ओढून नेतो. वन विभागाला सांगावं लागलं की अशी घटना घडलेली नाही, व्हिडिओ कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला आहे.

वाघाच्या हल्ल्याची चर्चा चंद्रपुरात करमणुकीची नाही. इथे दरवर्षी खरी माणसं जातात. मोहफुलं वेचायला, सरपणाला, गुरं चारायला जंगलात शिरावंच लागतं. अशा मुलखात खोटा व्हिडिओ दोन बाजूंनी मारतो. आज तो बायाबापड्यांना घरात कोंडतो, उद्या खरा इशारा आला तर ‘हाही तसाच असेल’ म्हणून कोणी मानत नाही.

अफवेने काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. त्यावर विश्वासून जमावाने मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ती भिक्षा मागून जगणारी माणसं होती. देशभर अशा घटना झाल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली, ‘फॉरवर्डेड’ ही खूण दिली. एप्रिल २०२०पासून वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कंपनीने बंधनं घातली, पण शेवटचं बोट आपलंच असतं.

असा मजकूर आपल्यापुढे आणत राहणारं फीड कसं चालतं ते कळलं की त्याला आवरता येतं. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम आपल्यापुढे काय मांडायचं हे आपण कशावर थांबलो, काय शेवटपर्यंत पाहिलं, कशाखाली भांडलो यावरून ठरवतात. रागाने थांबलात की भीतीने, यंत्राला फरक नाही, तुम्ही थांबलात एवढं त्याला पुरतं. वाघाचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की उद्या दहा येतात. म्हणजे फीड हे आपल्याच वागण्याचं पीक आहे. निंदण केलं नाही तर तण माजतं.

निंदण करायची अवजारं सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. यूट्यूबवर नको असलेल्या व्हिडिओच्या तीन टिंबांवर टिचकी देऊन ‘रस नाही’ किंवा ‘हे चॅनेल सुचवू नका’ म्हणावं. पाहण्याचा इतिहास पुसून तो थांबवला तर मुखपृष्ठ जवळपास रिकामं होतं, मग आपण जे शोधू तेच दिसतं. मुलांच्या हाती मोबाइल देणाऱ्या घरांनी हे आधी करावं. फेसबुकच्या मेनूत ‘फीड्स’ आहे, तिथे ओळखीच्यांचं लेखन क्रमाने दिसतं. इन्स्टाग्रामवर ‘फॉलोइंग’ निवडलं की आपण धरलेलीच माणसं दिसतात. व्हॉट्सअॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करावं. यात डेटा वाचतो, मोबाइलची जागा वाचते आणि नको ते दृश्य लहान मुलासमोर उघडत नाही. ‘ग्रुपमध्ये मला कोण घेऊ शकतं’ या सेटिंगमध्ये फक्त ओळखीचे ठेवावेत. शाळा, ग्रामपंचायत, बचत गट असे दोन-तीन कामाचे ग्रुप वर पिन करून ठेवावेत, बाकीचे मूक करून अर्काइव्हमध्ये टाकावेत. अॅपच्या सूचनाही फोन, संदेश आणि बँक एवढ्यांच्याच चालू असल्या तर दिवस पुष्कळ शांत जातो.

आणि पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न. कुठलं आहे? कधीचं आहे? कोण सांगतंय? वाघाचं असेल तर वनरक्षकाला फोन करावा, योजनेचं असेल तर तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला विचारावं. तीनपैकी एकाचंही उत्तर नसेल तर संदेश आपल्यापाशीच थांबवावा. राईनपाड्याकडे निघालेले संदेश वाटेत काही जणांनी थांबवले असते, तर पाच घरं उघडी पडली नसती.

पाचगावकडून शिकण्यासारखं

हे सगळं खेड्यातल्या माणसाला जमेल का, असं मला शहरातले मित्र विचारतात. त्यांना मी याच तालुक्यातल्या पाचगावचं उदाहरण देतो.

पाचगावला २०१२ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हाती आल्यावर ग्रामसभेने स्वतः बसून नियम केले. बांबू किती आणि कसा तोडायचा, विकायचा कसा, हिशेब कोणी ठेवायचा. तेंदूपत्त्यासाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, म्हणून हाती येणाऱ्या पैशावर पाणी सोडून त्यांनी तेंदू तोडणं बंद केलं. जंगलाचा एक भाग कोणीच हात लावायचा नाही म्हणून राखून ठेवला. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाविषयी आवर्जून लिहिलं आहे.

संगणकाच्या राखणीत याहून वेगळं काय आहे? काय ठेवायचं, काय काढायचं, कोणाला आत येऊ द्यायचं, नोंद कशी ठेवायची, थोडा फायदा सोडून कशाला नाही म्हणायचं आणि कोणता भाग अजिबात उघडा करायचा नाही. हजार हेक्टर जंगलाचे नियम जी माणसं झाडाखाली बसून ठरवतात, त्यांना सी ड्राइव्ह राखणं अवघड नाही. त्यांना फक्त सांगितलं पाहिजे की हेही तुमचंच आहे, आणि याचे नियमही तुम्हीच करायचे आहेत.

म्हणून एक सुचवतो. येत्या वर्षात प्रत्येक ग्रामसभेने, बचत गटाने आणि शाळेने महिन्यातला एक दिवस यंत्राच्या राखणीचा ठरवावा. त्या दिवशी धूळ झाडावी, अपडेट लावावं, प्रत काढून तार सोडवावी, लोकांचे कागद पुसावेत, ग्रुपमधला कचरा काढावा. गावातल्या दहावी-बारावीच्या दोन मुलामुलींना हे काम शिकवावं आणि त्याचं मानधन द्यावं. दोन तास लागतील.

दिवाळीत आपण घर झाडतो, हिशेबाच्या वह्या काढतो, गाईगुरांना ओवाळतो. ज्या यंत्रातून आता धानाचा चुकारा येतो त्याच्याकडेही यंदा पाहा. सणाच्या चार दिवसांत एक सकाळ काढा, सी ड्राइव्हवर किती जागा उरली ते बघा आणि घरातल्या महत्त्वाच्या कागदांची एक प्रत काढून कपाटात ठेवा. पहिल्या गाडीने आलेल्या बाईला दुपारच्या गाडीने घरी परतता यावं, यासाठी एवढं पुरेसं आहे.